आयांनी पाठ फिरवून बसावे

८ जानेवारी, शुक्रवार. दुपारचे तीन वाजले आहेत. पुढ्यातल्या परातीत पावट्याच्या आणि तुरीच्या शेंगा आहेत आणि त्या संध्याकाळच्या आत सोलून व्हायला हव्यात. यंदा बाजारात शेंगा नावालाच आल्या. मिळाल्या तेवढ्या घेतल्या. नळाला पाणी येऊन पंधरवडा झाला, त्यामुळे शेंगा धुतलेले पाणी बादलीत जपून ठेवले आहे. ते आधी भांड्यांना, मग कढीपत्त्याला. उद्या येळवस. आमच्या लातूरकडे मार्गशीर्ष अमावास्येला घराला कुलूप घालून सगळे रानात जेवायला जातात. हिरवे दाणे आणि पालेभाजी बेसनात घोटून केलेली भज्जी, ज्वारी-बाजरीच्या पिठाचे उंडे, आणि मडकेभर आंबट आंबील. हे जेवण घरात बसून कोणी खात नाही.

आतल्या खोलीत माझी मुलगी सुजाता तिच्या आठ महिन्यांच्या मुलाला भरवते आहे. एका हातात चमचा, दुसऱ्या हातात मोबाइल. "हत्ती बघ, हत्ती! आता आ कर." पोरगा हत्ती बघतो. आ करत नाही. वाटी तिसऱ्यांदा कोमट करायला ती स्वयंपाकघरात आली तेव्हा मी म्हणाले, "राहू दे. उद्या रानात खाईल."

"आई, आता तुझी ती झोळीमाय काढू नकोस हं," ती म्हणाली आणि वाटी घेऊन गेली.

तर आता काढतेच. शेंगा सोलता सोलता, मधे मधे हात पुसून हे लिहिते आहे.

झोळीमायची ओळख एका वाक्यात द्यायची तर अशी: लेकरू जेवत असताना तिने कुठल्याही आईला त्याच्या समोर बसू दिले नाही. आईने पाठ फिरवून बसायचे आणि मुकाट्याने आपली भाकरी खायची. आई तहसीलदाराची बायको असो की खडी फोडणारी, कायदा एकच. "तू त्याच्या तोंडाकडं बघतीस, म्हणून त्ये तोंड मिटतंय," ती म्हणायची. "तुझ्याकडं कुणी टक लावून बसलं तर तुला घास गिळंल का?" आणि लेकराला घरात भरवणे तिला मुळीच मंजूर नव्हते. चार भिंतींत लेकराला आईशिवाय बघण्यासारखे काय असते, हा तिचा सवाल होता.

तिचे खरे नाव पारूबाई, हे मला तिच्या रेशनकार्डावरून कळले. झोळीमाय हे नाव मोठ्या दुष्काळातले. तिच्या गावाजवळ पाझर तलावाचे काम निघाले, गावातल्या बायका खडी फोडायला लागल्या, आणि लेकरे सांभाळायला हिला नेमले. चिंचेच्या फांद्यांना लुगड्यांच्या झोळ्या बांधलेल्या. तान्ही झोळीत, रांगती खाली गोधडीवर. "चौदा झोळ्या एकदम हलवायची मी," ती मला सांगायची. "झोळीची दोरी झोळीला बांधून टाकली. एक वढली की चौदा हलत्यात. इंजिनेरसाहेब बघून गेले अन् म्हणले, बाई, तुला मुकादमच करायला पाह्यजे होतं."

दुपारच्या सुट्टीत आया आल्या की रडारड व्हायची. लेकरांना पाजायला अंगात दूध नाही, आणि आई समोर दिसली की ती कामावर वाटलेल्या सुकडीच्या पिठाला तोंड लावायची नाहीत. म्हणून हिने आयांना एका रांगेत, लेकरांकडे पाठ करून बसवले. लेकरांसाठी मधे एकच परात. सुकडी भिजवून त्यात ओतलेली. ज्याने त्याने हात घालावा.

झोळीमायचे घर आमच्यासारखेच बौद्ध. त्यामुळे पहिल्या दिवशी गावातल्या तीन बायकांनी आपली लेकरे उचलून पलीकडच्या बाभळीखाली नेऊन ठेवली. दुसऱ्या दिवशी ती लेकरे परातीपाशी होती. हे ऐकताना मी विचारले, "तुम्ही आणलीत?"

"म्या कशाला आणू? रांगत आली. रांगणाऱ्याला कोण आडवणार?"

"आणि त्यांच्या आया?"

"आयांच्या पाठी होत्या न्हवं इकडं!" तोंडाला पदर लावून ती हसली. "त्यायला दिसलंच न्हाई. दीड महिना दिसलं न्हाई."

ती माझ्या आयुष्यात आली ती तिच्या मुलामुळे. उत्तम आमच्या कार्यालयात शिपाई होता. लातूर नुकताच वेगळा जिल्हा झाला होता. पाट्यांवरचे जुन्या जिल्ह्याचे नाव पुसून नवे रंगवले होते आणि उन्हाने रंग उडाला की खालून जुने नाव डोकवायचे. आमचे कार्यालय एका रिकाम्या गोदामात भरायचे. मी नव्याने लागलेली कनिष्ठ लिपिक, माहेर हदगावचे, सासर मुदखेडचे. आमच्या दोन्ही घरांत सरकारी खुर्चीवर बसलेली पहिली बाई. नवरा हदगावला शाळेत मास्तर. शनिवारी बसने यायचा, सोमवारी पहाटे जायचा. आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहत होतो. त्याच ओळीत पलीकडे उत्तम आणि त्याची आई.

सुजाता झाली आणि पुढचा पावसाळा कोरडा गेला. मी हक्काची रजा संपवली, मग बिनपगारी वाढवली. सुजाता सात महिन्यांची होत आली तरी अंगावरच्या दुधाशिवाय काही घेत नव्हती. दवाखान्यातून मिळालेला छापील तक्ता मी भिंतीला लावला होता. सकाळी अमुक, दुपारी तमुक, सगळे गाळून, वजन करून. मी तक्ता पाळत होते, सुजाता थुंकत होती. सांभाळायला झोळीमाय तयार होती. पण जे लेकरू दिवसभर काही खाणारच नाही ते कोणाकडे कसे ठेवायचे? सासूबाईंचे कार्ड आले: "पोर सुकून चालली असे कळते. नोकरी सोड आणि मुदखेडला ये." सोमवारी हजर व्हायचे होते, नाहीतर राजीनामा. यात मधली वाट नव्हती.

त्याआधीचे दोन महिने झोळीमायने आम्हाला दर रविवारी बाहेर काढले. "सायबीनबाई, डबा भरा. पोरीला आभाळ दावा." मला ती सायबीनबाई म्हणायची, कौतुकाने की टोचून, ते मी कधी विचारले नाही. मी ज्वारीची पेज, मऊ वरण-भात, किसलेले गाजर असे डबे भरायची. नवरा सुजाताला खांद्यावर घ्यायचा. झोळीमाय गोधडी डोक्यावर टाकून पुढे. कधी आटलेल्या तळ्याच्या काठी, कधी नव्या कचेरीचे खड्डे खणून ठेवलेल्या मैदानात लिंबाखाली. त्या खड्ड्यांत वाकून बघून ती एकदा म्हणाली, "जिल्हा केला ते चांगलं केलं. आता पाणी बी जिल्ह्याचं येतंय का बघू." मोठ्यांचे जेवण झकास व्हायचे. तिची तिळाची चटणी आणि माझ्या दशम्या. सुजाता मात्र चिमण्या बघायची, माती खायची, पेज खायची नाही.

"पाठ फिरव," झोळीमाय दर रविवारी म्हणायची.

"माय, एवढ्याशा पोरीकडे पाठ फिरवून बसायला मी काय वेडी आहे?" मी दर रविवारी म्हणायची. नवरा फिरायचा. मी नाही. मी शिकलेली होते, माझ्याकडे तक्ता होता.

आता माझी चूक सांगते. ती हदगाव-मुदखेडचेच माणूस करू शकते. रजेच्या शेवटच्या आठवड्यात मी ठरवले की सुजाताचे उष्टावण करायचे. सगळ्यांच्या देखत, कौतुकात, एखादा घास तरी जाईल. आमच्या घरात पंचांग नव्हते. कार्यालयातला सुट्ट्यांचा तक्ता होता. त्यात शुक्रवारी 'स्थानिक सुट्टी' असे लिहिले होते. कसली, ते मी पाहिले नाही. हदगावला असली सुट्टी नसते. लोक घरीच असतील, बरे झाले, असा माझा हिशेब. मी चिठ्ठी लिहिली: 'सुजाताच्या उष्टावणानिमित्त शुक्रवारी दुपारी बारा वाजता जेवायला यावे.' आणि बुधवारी उत्तमच्या हाती कार्यालयात पाठवली. संध्याकाळी त्याने ती परत आणून दिली. खाली बावीस सह्या. "समद्यांच्या घेतल्या, मॅडम." परिपत्रकावर घेतात तशा. मी त्या सह्या होकार समजले. उत्तम त्याच संध्याकाळी गावी गेला. त्याची आई तीन दिवस आधीच गेली होती.

बावीस माणसांचा स्वयंपाक, आणि पाणी टँकरचे. तीन दिवस अंघोळीचे पाणी वाचवून मी ते जमवले. शुक्रवारी पहाटे उठून गव्हाची खीर रटरटत ठेवली, पुऱ्या, वांग्याची भाजी, वरण, भात. नवरा रजा टाकून आला होता. बारा वाजले. साडेबारा वाजले. सुजाता नव्या झबल्यात खिरीच्या वाटीसमोर बसून होती आणि वाटी हाताने ढकलत होती.

नवरा चौकापर्यंत जाऊन आला. "अगं, गावात चिटपाखरू नाही. दुकाने बंद, घरांना कुलपे. कर्फ्यू लागलाय की काय! एक हवालदार तेवढा होता. त्याला विचारले, काय झाले हो? तर मलाच विचारतो, तुम्ही अजून रानात गेला नाहीत?"

मी पुऱ्यांच्या टोपलीवर कापड टाकले आणि भिंतीला टेकून बसले. मला रडू आले नाही. मी राजीनाम्याचा मजकूर मनात जुळवत होते. 'घरगुती अडचणीमुळे' इथपर्यंत आले होते.

तेवढ्यात दारात बैलगाडी थांबली. उत्तम खाली उतरला, आत डोकावला आणि कपाळाला हात लावला.

"मॅडम, तुम्ही खरंच घरी बोलावलं व्हतं? आमाला वाटलं, रानात बोलावायल्यात, अन् कुणाच्या रानात ते लिवायचं राहिलं! येळवसाला समदेच रानात बोलावतेत. ज्येला त्येला वाटलं, आपलं रान हाय, आपण कुठं जावं. म्हणून सही करून सोडून दिली."

"मग तू कसा आलास?"

"चिठ्ठीचं मायला सांगितलं. माय म्हणाली, ती सायबीन हदगावची हाय, तिला येळवस कुठं ठाव? ती घरीच रांधून बसली आसंल. गाडी घेऊन जा. भांडी सायकलवर येत न्हाईत."

आम्ही खिरीचे पातेले, पुऱ्यांची टोपली, सगळे गाडीत भरले आणि तासाभरात तिच्या गावी पोचलो. झोळीमायचे रान दोन एकर. ज्वारी गुडघ्याएवढी येऊन वाळलेली. आजूबाजूच्या रानांतही तेच, पण प्रत्येक रानात माणसे बसली होती. कडब्याच्या पेंढ्या टेकून कोप करतात आणि पूजा मांडतात. त्या वर्षी शेजाऱ्यांनी पूजा उरकताच त्या पेंढ्या सोडून बैलांपुढे टाकल्या. झोळीमायच्या रानात कोप नव्हती. "आम्ही पूजा सोडली," ती म्हणाली, "जेवण न्हाई सोडलं." हिरवा दाणा औषधाला नव्हता. तिने वाळलेले वाल-हरभरे भिजवून भज्जी केली होती, तीही थोडी. माझी भांडी उतरताना तिने एक एक झाकण काढून पाहिले, आणि बांधावर चढून चारी दिशांना हाका मारल्या: "ये गयाबाई! ये सखूबाई! लेकरं घेऊन या! सायबीनबाईनं खीर आणलीया!"

आले सगळे. आपापली भज्जीची वाटी, उंड्यांची चवड घेऊन आले. त्या वर्षी कोणाच्याच मडक्यात पुरेसे नव्हते, आणि माझ्या बावीस माणसांच्या स्वयंपाकाला अखेर तोंडे मिळाली. एक म्हातारा पुरी हातात धरून नवऱ्याला म्हणाला, "मास्तर, दरसाल आसंच चुकत जावा."

झोळीमायने गोधडी अंथरली, मधे परात ठेवली आणि आठ-नऊ लेकरे भोवती बसवली. सुजाताला माझ्या कडेवरून काढून तिने त्यांच्यात ठेवले. मग माझ्याकडे पाहिले.

मी पाठ फिरवली. माझ्याकडे आता दुसरे काही उरले नव्हते.

मला वळता येऊ नये म्हणून की मला आधार म्हणून, कोण जाणे, पण ती माझ्या पाठीला पाठ टेकून बसली. समोर मला नुसती वाळलेली ज्वारी दिसत होती. मागे मचमच, एकाचे रडणे, दुसऱ्याचे खोकणे, परातीवर हात आपटल्याचे आवाज. झोळीमाय घास कालवायला वाकली की तिच्या पाठीचे मणके मला एक एक जाणवायचे.

"माय, काय करते आहे ती?"

"भाकर खा."

"माय, खाते आहे का?"

"तू खा म्हणते न्हवं."

मी भाकरी खाल्ली. किती खाल्ल्या ते आठवत नाही. मग माझ्या पाठीला लागलेली तिची पाठ हलायला लागली. आधी कळेना, मग कळले की ती हसते आहे. "आगं बया! गयाबाईच्या नातवाच्या हातातला उंडा हिसकला! बालिस्टर हाय ही, बालिस्टर!" मी वळणार, तोच: "बस! आजून संपला न्हाई."

पुरे झाल्यावर तिने मला वळू दिले. सुजाताच्या हनुवटीवरून पिवळी भज्जी ओघळत होती, मुठीत उंड्याचा चुरा होता, आणि नवे झबले कायमचे गेले होते. आंबीलही तीन-चार चमचे गेली होती. माझ्या खिरीला तिने बोटही लावले नव्हते.

शनिवारी आणि रविवारीही आम्ही तिथेच राहिलो, परात आणि पाठ चालूच. सोमवारी मी सुजाताला झोळीमायच्या ओट्यावर तिच्या मांडीवर ठेवले आणि कार्यालयात जाऊन सही केली. तो तक्ता भिंतीवरून काढून मी त्याच्या मागच्या कोऱ्या बाजूवर वाणसामानाची यादी लिहिली.

तीन वर्षे तिने सुजाताला सांभाळले. घेतले काय, तर दिवाळीला एक लुगडे, तेही रंगावरून भांडून. मग माझी बदली नांदेडला झाली. ती एस.टी. स्टँडवर आली, सुजाताच्या हातात तिळाच्या चटणीची पुडी दिली, खिडकीखाली उभी राहून तिचा हात एकदा दाबला. मी निरोपाचे काहीतरी बोलणार होते. तेवढ्यात गाडी सुरू झाली आणि तिने सरळ पाठ फिरवली. सुजाता "माय, माय" म्हणून ओरडत होती. ती वळली नाही. मला तेव्हा क्षणभर राग आला. नांदेड येईपर्यंत गेला. ती बघत उभी राहिली असती तर सुजाता गप्प झालीच नसती.

मी नांदेडला असतानाच ती गेली. उत्तमचे पत्र आठ दिवसांनी मिळाले, म्हणजे मातीलाही जाता आले नाही. त्या दुपारी मी कार्यालयात फाइल पुढे ओढून काम केले. रडण्यापेक्षा तेच तिला पटले असते. पुढे मी बदली घेऊन लातूरला परतले, आणि आज माझ्या नोकरीची चार वर्षे उरली आहेत. माहेर-सासरची दोन्ही घरे उभी राहिली, सुजाता इंजिनियर झाली, सासूबाईंनीच पुढे नातेवाइकांत माझ्या खुर्चीचे गुणगान केले. हे सगळे कोणामुळे, असे कोणी विचारले तर मी झोळीमायचे नाव सांगते. आभार मात्र मी तिचे कधी मानले नाहीत. मानले असते तर ती म्हणाली असती, "भाकर खा."

शेंगा सोलून झाल्या.

१० जानेवारी, रविवार. काल सकाळी आम्ही उत्तमच्या रानात गेलो. आता त्याचे केस पांढरे आहेत आणि रान पुन्हा तसेच आहे, गुडघ्याएवढे, वाळलेले. मी गोधडी अंथरली, मधे परात ठेवली आणि उत्तमच्या नातवंडांत माझा नातू बसवला. सुजाताच्या हातातला मोबाइल काढून भाकरीच्या डब्यात टाकला.

"आई, अगं, हे काय?"

"फिर," मी म्हणाले.

ती फिरली, पण मान मागे वळवायला लागली. तेव्हा मी तिच्या पाठीला पाठ टेकून बसले, आणि परात पुढे ओढली.